बंद पडण्याची वही

अस्लम शिकलगारांच्या दुकानात प्रणोती काटकरचा कॉम्प्युटर आठ दिवस एकसारखा चालला. अस्लमभाईंनी त्याला जड जड गणितं घातली, पंखा बंद करून तापवला, मुद्दाम वीज घालवून परत आणली. बहाद्दर एकदाही बंद पडला नाही. नवव्या दिवशी त्यांनी तो स्वतः घरी आणून दिला, टेबलाखाली नेहमीच्या जागी ठेवला, आणि पुढ्यातला चहा निवायच्या आत पडदा काळा झाला.

"वहिनी, मशीन ठणठणीत आहे," कप खाली ठेवत ते म्हणाले. "तुमच्या घरालाच काहीतरी झालंय."

प्रणोती हसली, अस्लमभाईही हसले. पुढं महिन्याभरानं हे वाक्य आठवलं तेव्हा दोघांनाही हसू आलं नाही.

दोन हजार त्रेचाळीस साल होतं. घरात खोक्याचा कॉम्प्युटर ठेवणारी माणसं केळशेतमध्ये बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती. प्रणोतीला तो ठेवावाच लागे. सरकारी दवाखान्यांत डॉक्टर आणि पेशंट बोलत असताना एक यंत्र त्याचं टिपण लिहायचं, आणि त्या यंत्राला पुण्याची मराठी कळायची, केळशेतची नाही. म्हातारी 'जिवाची तगमग हुतीया' म्हणाली की ते खुशाल 'तक्रार नाही' असं लिहून मोकळं व्हायचं. असल्या चुका शोधायचं काम प्रणोतीचं. पेशंटची माहिती घराबाहेर जायला नको म्हणून सगळं त्या एका खोक्यात. खोकं बंद पडलं की तासाभराची मेहनत पाण्यात.

आणि ते दिवसातून दोन-तीनदा पडतच होतं.

अस्लमभाई हार मानणाऱ्यातले नव्हते. त्यांनी पॉवर सप्लाय बदलला, यूपीएस बदलला. अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलं. सिस्टिम पुसून नव्यानं घातली, मेमरी बदलली, शेवटी मदरबोर्डही बदलला. मूळच्या मशीनचं नुसतं खोकं तेवढं शिल्लक राहिलं, आणि रोग त्या खोक्यालाच असावा तसा टिकून राहिला. प्रणोतीच्या सासूबाईंनी, शालनआईंनी, एका शनिवारी मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली. त्या दिवशी तो चारदा बंद पडला.

"असं करा," अस्लमभाई म्हणाले. "एक वही घाला. कधी बंद पडला, तेव्हा काय चाललं होतं, लाइट कसा होता, सगळं लिहा. डॉक्टर नाही का ताप लिहायला सांगत."

प्रणोतीनं दोनशे पानी वही घातली. ती मूळची टापटिपीची बाई. तारीख, वेळ, खोलीत कोण होतं, मिक्सर चालू होता का, सगळं ती लिहू लागली.

अस्लमभाई आठवड्यानं आले, वही चाळली, मशीनच्या पोटातली चुकांची यादी काढून बघत बसले आणि डोकं खाजवायला लागले. "चिप खराब असेल ना वहिनी, तर चूक एकाच जागी होते. फुटक्या कौलातनं पाणी गळतं तसं, त्याच कोपऱ्यात. इथं दर वेळी जागा नवी. आत कुणीतरी मूठभर खडे भिरकावतंय आणि लागेल तिथं लागतायत." मग त्यांनी खोकं उचलून स्वयंपाकघरात ठेवलं. दोन दिवस ते सुरळीत चाललं. परत टेबलाखाली आणलं आणि दुपारपर्यंत तीनदा पडलं.

"म्हणजे ही खोलीच," अस्लमभाई म्हणाले, आणि टेबलाखाली वाकून भिंतीच्या कडेला बघत राहिले. "हा पाइप कसला?"

"आडाचा," प्रणोती म्हणाली.

या खोलीच्या जागी पूर्वी परस होतं आणि परसात आड होता. बारा वर्षांपूर्वी घर वाढवताना काटकरांनी तो बुजवला. बुजवलेल्या विहिरीला श्वास घ्यायला वाट ठेवतात, नाहीतर तिचा तळतळाट लागतो. शालनआई तेवढ्यासाठी गवंड्यापुढं ठाण मांडून बसल्या होत्या. दगड-मुरुमाच्या भरावातून थेट तळापर्यंत जाणारा तीन इंची पाइप त्यांनी उभा करून घेतला, आणि त्याचं तोंड फरशीच्या वर वीतभर उघडं ठेवलं. त्यावर कुणी भांडंसुद्धा पालथं घालायचं नाही असा घरात दंडक होता. पुढं तिथं टेबल आलं, टेबलाखाली खोकं आलं, आणि खोक्याचा हवा ओढणारा पंखा बरोबर त्या तोंडासमोर आला.

"ओल येत असेल," अस्लमभाई म्हणाले. "पाइपाला बूच मारू या का?"

"अस्लमभाऊ, हात लावशीला तर बघा," शालनआई दारातून म्हणाल्या. "त्यो काय पाइप न्हाई. तिचं नाक हाय त्ये."

रोगाचं नाव कळलं ते रविवारी, जेवताना.

प्रणोतीचा नवरा रणजित धरणावर शाखा अभियंता होता. धरण भरायला लागलं की केळशेतची जमीन अधूनमधून हलायची, कपबशा वाजायच्या. त्या बारीक धक्क्यांचा तक्ता रणजित दर रविवारी घरी घेऊन यायचा. प्रणोतीनं भाकरी वाढता वाढता त्या तक्त्यावर नजर टाकली आणि परात तशीच ठेवून आपली वही घेऊन आली.

"अहो, सोळा जुलैला धक्का बसलाय? चौदाला माझा अठरा वेळा बंद पडला. पंधराला सतरा वेळा. सोळाला धक्का, आणि सतराला परत दोनदाच."

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली," रणजित म्हणाला.

"बरं. पंचवीस जुलै?"

तिनं एकेक तारीख वाचली. तक्त्यात धक्के सात होते. सातही वेळा आदले दोन-तीन दिवस वही भरून वाहत होती. चौथी तारीख वाचली तेव्हा रणजितचा हात ताटातच थांबला. सातवी झाल्यावर तो उठला, हात न धुता त्या खोलीत गेला, आणि पाइपाच्या तोंडावर तळवा धरून बसून राहिला.

"रेडॉन," तो म्हणाला.

मग त्यानं तिला समजावलं, आणि तो समजावत असताना तिला जाणवलं की तो स्वतःलाच समजावतोय. वर काळा कातळ आहे, त्याखाली दीड किलोमीटरवर ग्रॅनाइट. त्या दगडात कणाकणानं युरेनियम असतं, ते झिजताना एक वायू सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. एरवी तो दगडातच कोंडून राहतो. पण धरणाचं पाणी चिरांतून खाली उतरलं, दगडावर ताण आला, मोठी चीर फाकायच्या आधी हजार बारीक चिरा फाकल्या, की तो मोकळा होतो आणि मिळेल त्या वाटेनं वर येतो. वर येऊन तोही झिजतो, त्याची राख धुळीसारखी बसेल तिथं बसते, आणि त्या राखेतून अतिसूक्ष्म गोळ्या सुटत राहतात.

"त्या गोळ्यांना साधा कागद अडवतो," रणजित म्हणाला. "जुन्या कॉम्प्युटरला काही झालं नसतं. तुझ्यात ती पापुद्रा मेमरी आहे ना?"

होतीच. चार वर्षांपासून सगळ्यांतच ती यायची. पूर्वी मेमरीच्या एका खणात हजारो इलेक्ट्रॉन भरले की त्याला 'एक' म्हणायचे आणि रिकामा केला की 'शून्य'. पापुद्रा मेमरीत जेमतेम शंभर पुरायचे, म्हणून ती स्वस्त, म्हणून तिला वीज कमी. ती तापू नये म्हणून तिच्यावरचं जाड आवरणही काढून टाकलेलं, हवा थेट चिपवर. अशा खणाला एक गोळी लागली की एकाचा शून्य होतो. तो खण कामाचा असला की मशीन जागच्या जागी बसतं. सह्याद्रीतल्या हजारो घरांत हीच मेमरी होती, पण तिच्या नाकासमोर कुणी पाताळाची नळी आणून ठेवली नव्हती.

"नोकरीला लागलो तेव्हा आम्ही विहिरींत नळ्या सोडून हा वायू मोजायचो," रणजित म्हणाला. "कधी जुळायचं, कधी नाही. शेवटी खात्यानं तो नाद सोडला. आणि इथं आईनं..." तो हसला, पण ते हसणं चेहऱ्यावर फार वेळ टिकलं नाही. "मागचा धक्का कधीचा आहे तक्त्यात?"

"सहा ऑगस्ट."

"आज पंधरा. नऊ दिवस जमीन शांत आहे. ऑफिसात सगळे खूश आहेत. तुझी वही काय म्हणते?"

प्रणोतीनं पान उलटून एकेका दिवसाचा आकडा वाचला. बावीस, पंचवीस, एकतीस, चाळीस, चव्वेचाळीस. काल तिनं काम सोडूनच दिलं होतं आणि नुसत्या वेळा लिहीत बसली होती.

"खिडकी उघडी ठेवत जा," एवढंच रणजित म्हणाला. "तो वारा छातीत जाणं बरं नव्हे."

केळशेतमध्ये रणजित काटकरला 'भोंगा साहेब' म्हणत. तोंडावर नाही, पाठ फिरल्यावर. पण ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. पाच वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी यंत्रांचे काटे वेड्यासारखे नाचले होते, आणि त्यानं कुणाची वाट न बघता धरणावरचा भोंगा तीनदा वाजवला होता. तीन म्हणजे धोका. खालची पेठ नदीच्या काठाला, साडेतीनशे उंबरे. सगळी पेठ पायऱ्या चढून शाळेच्या माळावर पळाली. तीन दिवस माळावर राहिली. झालं काहीच नाही. पळताना अण्णा लोहार पायरीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून काठीला धरून चालायचे. रणजितची चौकशी झाली आणि चार वर्षं त्याला तालुक्याच्या ऑफिसात जुने कागद लावायला बसवलं. याच जूनमध्ये तो धरणावर परतला होता.

तीन भोंग्यांचा अर्थ मात्र गाव विसरलं होतं. भोंगा आता वर्षातून एकदाच वाजे, धरण भरल्यावर जलपूजनाच्या दिवशी. दोन लांब भोंगे. ते ऐकले की पेठेतली माणसं दारात येऊन धरणाकडं बघून हात जोडायची.

यंदा जलपूजन अठरा ऑगस्टला ठरलं होतं. पातळी दीड मीटर कमी होती आणि ती भरायला दरवाजे पूर्ण लावायला हवे होते. दरवाजे लावायच्या आधी शाखा अभियंत्यानं सुरक्षिततेच्या दाखल्यावर सही करायची असते. सही नाकारली तर दरवाजे उघडे राहतात आणि नियमानं खालची पेठ रिकामी करावी लागते.

"नाकारा मग," सतरा तारखेला सकाळी प्रणोती म्हणाली. आदल्या दिवशी वहीत त्रेसष्ट नोंदी झाल्या होत्या.

"नाकारताना कारण लिहावं लागतं. काय लिहू? 'माझ्या बायकोचा कॉम्प्युटर बंद पडतो'?"

"रेडॉन लिहा."

"मोजलाय कुठं? खात्याच्या यंत्रांवर सगळं सपाट आहे. मोठे साहेब विचारतील, आणि घरचा मिक्सर काय म्हणतो?" त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "प्रणू, परत ते चार वर्षांचं तोंड लपवून जगणं मला जमायचं नाही. आणि खोटं ठरलं तर तिसऱ्यांदा माझा भोंगा कुणी ऐकणार नाही, ते वेगळंच."

"आणि खरं ठरलं तर?"

तो बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "उद्या अकरा वाजता सही आहे. सकाळी सात ते अकरा तू त्याच्यासमोर बस. बंद पडत राहिला तर मी सही करत नाही. होईल ते होईल. थांबला, तर ताण निवळला असं समजतो. तू सांगशील ते मी ऐकीन. दुसऱ्या कुणाचं नाही."

एवढा विश्वास त्यानं लग्नानंतर पंधरा वर्षांत कधी बोलून दाखवला नव्हता. प्रणोतीला भरून आलं.

अठराला सातच्या ठोक्याला ती बसली. सात वाजून नऊ मिनिटं, बंद. सात सोळा, बंद. सात बावीस. सात एकोणतीस. वहीत वेळ लिहायची, बटण दाबायचं, पडदा उजळेपर्यंत थांबायचं आणि परत. साडेसातला रणजित निघाला तेव्हा ती डबा द्यायला रस्त्यापर्यंत गेली. त्यानं नुसतं भुवया उंचावून विचारलं. तिनं चार बोटं दाखवली. त्यानं मान हलवली आणि जीपमध्ये बसला.

परत येऊन तिनं अंघोळ उरकली, आईंचा चहा टाकला आणि आठला पाच कमी असताना पुन्हा खुर्चीवर बसली. पडदा चालू होता.

सव्वाआठलाही चालू होता.

साडेआठला तिनं पेन खाली ठेवलं. नऊ वाजता वायर सैल झालीय का म्हणून खुर्चीवरूनच टेबलामागं हात घालून चाचपलं. पंख्याचा आवाज नीट येत होता. शालनआई नवी साडी नेसून, हळदीकुंकवाचं ताट घेऊन इकडून तिकडं करत होत्या. "आज माझ्या लेकाची सही," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. "पाच वर्सांनी."

दहाला प्रणोतीनं पेशंटचं एक टिपण उघडलं आणि तपासून पूर्ण केलं. महिन्याभरात पहिल्यांदा एक टिपण विनाअडथळा झालं होतं. तिला रडूच आलं. जमीन निवळली होती. आता कुणाला माळावर पळायला नको, कुणी पडायला नको. कुणी तिच्या नवऱ्याकडं बघून गालात हसायला नको. इतकं सगळं एका काळ्या न होणाऱ्या पडद्यावर अवलंबून होतं, आणि तो होत नव्हता. देव पावला म्हणायचं, आणखी काय.

ती एकदाही खाली वाकली नाही.

अकराला दहा कमी असताना तिनं फोन लावला. "थांबलाय! आठपासून एकदाही नाही. अहो, एकदाही नाही!"

पलीकडं रणजितनं सोडलेला श्वास तिला स्पष्ट ऐकू आला. "नक्की ना?"

"नक्की," ती म्हणाली.

सव्वाअकराला दरवाजे लागले. नदीचा आवाज हळूहळू उतरत गेला आणि त्या जागी बँडचा आवाज वरून यायला लागला.

बारा वाजता शालनआई पाट घेऊन खोलीत आल्या. "सर गं जरा. पूजा आटपती. प्रसादाला नारळ फोडायचाय."

"कुठला नारळ?"

"वटीचा. बोलले हुते मी आडाला. जमीन धा दिस गप ऱ्हाऊ दे, माझ्या लेकाचं नाव निगू दे, तुझी खणानारळानं वटी भरीन म्हनलं. सकाळीच भरली, तू रस्त्यावर गेलतीस तवा."

प्रणोतीला टेबलाखालून उदबत्तीचा वास आला. तो सकाळपासून येत होता. आज सगळ्या घरातच येत होता, म्हणून तिनं मनावर घेतला नव्हता. ती गुडघ्यांवर बसली आणि खाली बघितलं.

पाइपाला हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. त्याच्या तोंडात हिरव्या खणात गुंडाळलेला नारळ बसवला होता, शेंडी वर करून, घट्ट. कलशावर बसवतात तसा.

"आई, तुम्हीच म्हणायच्या ना, पाइपावर काही ठेवायचं नाही?"

"झाकान न्हाई ठेवायचं. ही काय झाकान हाय व्हय? ही वटी हाय."

प्रणोतीनं नारळ ओढला. दोन हातांनी, फिरवून ओढावा लागला. तो सुटला तसा कोंडलेला कोमट वारा तिच्या मनगटावर आला. ओल्या लोखंडाचा वास होता त्याला. खणाचं टोक त्या वाऱ्यात हललं आणि हलतच राहिलं.

ती घड्याळ बघत राहिली. तीन मिनिटं काही झालं नाही. चौथ्या मिनिटाला पडदा काळा झाला. तिनं बटण दाबलं. दोन मिनिटांत काळा. पुन्हा दाबलं. या वेळी नाव उमटायच्या आतच गेला. त्यानंतर तो सुरूच होईना.

फोन सहा वेळा वाजून गेला. सातव्यांदा रणजितनं उचलला. मागं बँड, माइकवर कुणीतरी नावं घेतंय, हसणं. "प्रणू, ओटी भरतायत पाण्याची, नंतर बोलू?"

"आईंनी पाइपात नारळ बसवला होता," ती म्हणाली. "सकाळपासून. मी सांगितलं ते खोटं होतं."

बँड वाजत राहिला.

"तू 'नक्की' म्हणालीस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

"मी खाली बघितलंच नाही. मला बघायचं नव्हतं, अहो. थांबावा असंच वाटत होतं मला. तुमच्यासाठी."

"आता किती मिनिटांनी पडतोय?"

"आता उठतच नाही."

तो पळायला लागल्याचं तिला श्वासावरून कळलं. लोखंडी जिन्यावर बूट वाजले. "आईला घेऊन माळावर जा," तो धापा टाकत म्हणाला. "दरवाजे उघडायला तास लागेल, तेवढा मिळेल का माहीत नाही. पेठेला मी सांगतो." फोन तुटला. पेठेला सांगायचा त्याच्याकडं एकच उपाय होता, तो भोंगा, आणि त्याला हात लावला की पुन्हा कधी धरणाची पायरी चढायला मिळणार नव्हती.

प्रणोतीनं आईंना शेजारच्यांच्या स्वाधीन केलं. आई हातातला नारळ सोडत नव्हत्या, "माजं काय चुकलं गं," एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होत्या. तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि माळाकडं न जाता पेठेच्या पायऱ्यांकडं पळाली.

ती अर्ध्या पायऱ्या उतरली असेल-नसेल, पहिला भोंगा झाला.

खाली दारं उघडली. माणसं बाहेर आली. बायांनी पदर डोक्यावर घेतले. मुलांना कडेवर उचलून धरणाकडं तोंड करायला शिकवलं गेलं.

"वर चला!" प्रणोती ओरडली. "माळावर चला, सगळे वर चला!"

दुसरा भोंगा तिच्या ओरडण्यावरून निघून गेला. पायऱ्यांच्या तळाशी उभ्या असलेल्या एका बाईनं तिच्याकडं बघून कौतुकानं मान हलवली. "वहिनी, साहेबांनी यंदा झोकात वाजवला की!" आणि तिनंही हात जोडले. सगळ्या पेठेनं हात जोडले होते. साडेतीनशे उंबऱ्यांवर माणसं डोळे मिटून उभी होती, आणि घसा फुटेस्तोवर ओरडणारी प्रणोती त्यांना आनंदानं वेडी झालेली वाटत होती.

दोन भोंगे झाले. रिवाजानं आता थांबायला हवं होतं.

अण्णा लोहार आपल्या ओट्यावर भिंतीला टेकून उभे होते. त्यांचेही हात जोडलेले होते, पण डोळे उघडे होते. भोंगे त्यांनी एकदा मोजले होते, मोडलेल्या खुब्यानं पायरीवर पडल्या पडल्या, आणि ते मोजणं त्यांच्या अंगात राहिलं होतं. पायाखालून जड जात्याची घरघर यावी तसं काहीतरी सरकत गेलं. कुणाच्या तरी घरात भांडं पडलं.

तिसरा भोंगा सुरू झाला तेव्हा अण्णांनी जोडलेले हात सोडले आणि काठी शोधायला लागले.